पिशवीतले टोमॅटो आणि डेपोतले खोटे प्रवासी

वडील गेले. सकाळी ते धर्मापुरीच्या गाडीवर कंडक्टर म्हणून गेले. दुपारी डेपोतून माणसं घरी आली. आईने गॅस बंद केला. मी पुस्तकात बोट ठेवून दारात उभी राहिले.

वर्षभराने त्यांच्या जागी मला नोकरी मिळाली. त्यांच्या जागी म्हणजे त्यांच्या गाडीवर नव्हे. माझं शिक्षण बघून मला बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर बसवण्यात आलं. शिकलेल्या माणसाला बोलता येतं, असा एक समज आपल्याकडे आहे. मी मराठी घेऊन एम.ए. केलं होतं आणि त्या सगळ्या काळात वर्गात कधी हात वर केला नव्हता. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी बसायची जागा दोन कपाटांच्या मध्ये होती. एकदा संध्याकाळी ग्रंथपाल मला आत ठेवूनच कुलूप लावून निघाले. मी हाक मारली होती. ती त्यांना ऐकू गेली नाही. खरं सांगायचं तर ती मलाही नीट ऐकू आली नव्हती.

पहिल्या दिवशी कंट्रोलरांनी माइक माझ्यापुढे सरकवला. कंट्रोलर म्हणजे कोणती गाडी केव्हा सुटेल आणि तिच्यावर कोण जाईल हे बघणारा माणूस. आमचे कंट्रोलर निवृत्तीला आले होते. त्यांच्या खिशात रंगीत पेनं आणि बडीशेपेची पुडी असायची, आणि बोलताना ते समोरच्याकडे न बघता वेळापत्रकाकडे बघायचे. मी घोषणा घरीच कागदावर लिहून नेली होती : ‘प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. चौसाळ्याकडे प्रस्थान करणारी गाडी फलाटावर उपस्थित आहे.’ वाक्य चांगलं होतं. मी ते म्हटलंही. बाहेर मात्र लाऊडस्पीकरमधून नुसता श्वास गेला, मध्येच ‘प्रस्थान’ एवढा एक शब्द सुटला आणि पुन्हा श्वास.

कँटीनच्या कट्ट्यावर एक ड्रायव्हर चहा पीत बसला होता. तो ओरडला, “काय बे, गाडी लागली म्हनतीय का कुणी गेलं म्हनतीय?”

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आत कोण बसलं आहे ते. त्याने कप खाली ठेवला, खिडकीपाशी आला आणि काचेला जे अर्धगोल भोक असतं त्यातून आत बघत म्हणाला, “चुकलं माय. तुझ्या बापाबरं लई साल गाडी मारली मी. तोंड लई वाईट हाय माझं.”

आणि मला हसू आलं. वडील गेल्यानंतर आमच्या घरात कुणी हसलं नव्हतं. हसायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण सुरुवात कुणी करायची हा प्रश्न होता. ती त्या ड्रायव्हरने केली.

डेपो मॅनेजर माणूस सरळ होते. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “खिडकीवर आवाज लागतो. उन्हाळ्याची गर्दी सुरू व्हायच्या आत जमलं तर उत्तम. नाही जमलं तर जिल्ह्याच्या त्या टोकाला एका डेपोत लिपिकाची जागा आहे. तिथे आत बसून कागदाचं काम. तुम्हाला दिवसभर कुणाशी बोलावं लागणार नाही.”

त्यांच्या मते ही शिक्षा होती. माझ्या कानांना ते स्वर्गाचं वर्णन वाटलं. पण आई घर सोडायला तयार नव्हती. वडील गेल्यापासून ती शेजारीसुद्धा जात नव्हती. संध्याकाळी मी दारात आले की ती त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलायची. मी त्या टोकाला गेले असते तर आमच्या घरात ते एक वाक्यही बोललं गेलं नसतं. तेव्हा मला आवाज काढणं भाग होतं. तो कुठून काढायचा हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन गाड्यांच्या मधल्या निवांत वेळात, खिडकीसमोर एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, हातात पिशवी आणि पदराखाली मिशी.

“माय, कपिलधारला जायचंय. गाडी कवा हाय?”

मिशी पांढरी होती आणि दोन्ही टोकांना वळवलेली होती. मी ती ओळखत होते. चौसाळ्याच्या गाडीवरच्या कंडक्टरांची होती ती.

“काका, तुम्ही हे...”

“काका कोन गं? बाई मानूस हाय म्या. नवरा तिकडं चहा प्याया गेलाय. त्याला कळायच्या आत मला निघायचंय. बोल लवकर.”

मागे कंट्रोलर वेळापत्रकात मान घालून बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, “प्रवाशाला उत्तर द्या.”

“कपिलधारला थेट गाडी यात्रेतच असते,” मी म्हटलं. “तुम्ही चौसाळ्याच्या गाडीत बसा, मांजरसुंब्याला उतरा. तिथून रिक्षा मिळेल.”

“आं?”

मी पुन्हा सांगितलं.

“आं? मोठ्यानं बोल की. एक कान सासूनं पिळून बंद केलाय माझा.”

तिसऱ्यांदा मी ओरडले असं मला वाटलं. कंट्रोलर नंतर म्हणाले की तो साधारण बोलण्याचा आवाज होता. बाईचं समाधान झालं. ती ठुमकत कट्ट्यावर गेली आणि तिथे बसलेल्या त्या तोंडाळ ड्रायव्हरला मला ऐकू येईल अशा बेताने सांगू लागली, “खिडकीवरची पोरगी गुनाची हाय बरं का भाऊ. पन फलाट न्हाई सांगितला तिनं. आता म्या कुटं हुबी राहू? रसवंतीच्या बैलापाशी?”

ही माझी चूक होती, आणि ती मला अशी कळली.

आमच्या डेपोची ही जुनी चाल होती. कुणी नवीन आलं की रिकाम्या वेळात बाकीचे सगळे प्रवासी व्हायचे. कोणी जावई, कोणी बहिरी बाई, कोणी चुकीच्या गाडीत बसून आलेला माणूस. प्रवाशाला वाटेल तितकं हसायचं, शिकणाऱ्याला हसायचं नाही, असा नियम होता. चूक झाली तर ती तोंडावर सांगायची नाही. प्रवाशाने ती पुढच्या प्रवाशाजवळ गाऱ्हाणं म्हणून सांगायची, आणि शिकणाऱ्याने ती कानावर पडू द्यायची. ही चाल कुणी सुरू केली ते कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येकाला आपल्या वेळी कोण काय होऊन आलं होतं तेवढं मात्र पक्कं आठवत होतं.

मी आयुष्यभर शिकवणाऱ्यांसमोर बसले. ते नेहमी फळ्याजवळ, थोड्या उंच जागी उभे असायचे. इथली शिकवणारी माणसं आधी स्वतः अडाणी व्हायची. ज्या गाडीवर नोकरी करून केस पिकले त्या गाडीचा फलाट ती मला विचारायची आणि मी सांगितलेल्या फलाटावर खरोखर जाऊन उभी राहायची. मी चुकीचा सांगितला तर तिथेही. एकदा चौघं जण माझ्यामुळे बंद पडलेल्या गाडीसमोर पिशव्या घेऊन उभे होते आणि कुणीही तिथून हलायला तयार नव्हतं. शेवटी मीच बाहेर जाऊन त्यांना परत आणलं.

तो तोंडाळ ड्रायव्हर जावयाचं सोंग फार छान करायचा.

“बार्शीची गाडी बोलवा. आत्ताच्या आत्ता.”

“गाडी अजून यायची आहे.”

“कावून? जावई आलाय म्हनून तिला सांगितलं न्हाई का?”

“सांगितलं आहे. ती साडी नेसतेय.”

हे मी बोलले. कसं बोलले ते माहीत नाही. जावई दोन पावलं मागे सरकला, कट्ट्याकडे वळला आणि म्हणाला, “ऐकलं का बे? पोरगी बोलली!” कंट्रोलरांनी बडीशेपेची पुडी माझ्यापुढे सरकवली. लिहून आणलेले कागद मी त्या दिवसापासून बंद केले. “प्रस्थान नको,” एवढंच कंट्रोलर म्हणाले. “गाडी लागते आणि गाडी सुटते. मधलं काही नसतं.”

एक दिवस मिशीवाले कंडक्टर पदर सारखा करत म्हणाले, “आमचं काय, आमी वेळ मारून नेतो. तुझ्या बापाची म्हातारी बघायला पायजे होती.”

“कुणाची म्हातारी?”

“तुझ्या बापाची. म्हातारी व्हायचा तो. पिशवीत कोंबडी, तिच्यावर टमाटे. धर्मापुरीला जायची. कोंबडीला तिकीट लागतं का, एवढं इचारायला अर्धा घंटा घ्यायची. आमच्या बरगड्या दुखायच्या.”

मला वाटलं ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलत आहेत. माझे वडील घरी ‘मीठ’ एवढंच म्हणायचे, आणि तेही ताटात नसलं तर. रविवारी ते वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, आणि मी त्यांच्या बाजूला माझं पुस्तक वाचायचे. आमचं नातं ते होतं. एकमेकांच्या शेजारी गप्प बसायला आम्हाला आवडायचं.

“गप तर होताच तो,” कंडक्टर म्हणाले. “नोकरीला लागला तवा तर तुझ्याहून गप. गाडीच्या दारात उभा राहून ‘परळी, परळी’ म्हनायचा, तर आतल्या लोकांना वाटायचं जप चाललाय. मग आमी सगळे त्याच्या गाडीत बसायचो. खोटेच. ह्याच पदराखाली बसलेलो हाय मी त्याच्या गाडीत. म्हनजे पदर तवा दुसरा होता. हे लुगडं त्यानंच आनलं, मागून.”

संध्याकाळी जेवताना मी आईला हे सगळं सांगितलं. म्हातारी, कोंबडी, मिशी, लुगडं. आई घास हातात धरून ऐकत होती.

“कसलं लुगडं?” तिने विचारलं.

“निळं. कुयरीच्या काठाचं.”

“पदराला खाली रफू केलेलं?”

मी दुसऱ्या दिवशी बघून आले. रफू होतं.

“बोहारणीला बोलले होते गं मी,” आई म्हणाली. “जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात उचललं म्हणून. बिचारी देवाची शपथ घेत होती. आणि हे समोर बसून पेपर वाचत होते!” मग तिला ते दृश्य डोळ्यांपुढे आलं असावं. वडील पेपर वाचत आहेत, बोहारीण शपथ घेत आहे, आणि वडिलांनी पेपर थोडा वर धरला आहे. आई हसली. इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

“परत आणू का?” मी विचारलं.

तिने थोडा विचार केला. “नको. राहू दे तिकडेच. पण त्या मिशीवाल्यांना सांग, निऱ्या धड काढा म्हणावं.”

त्यानंतर मी घरी आले की दार उघडता उघडता ती विचारायची, “आज कोण कोण आलं होतं?” आणि मला सगळं करून दाखवावं लागायचं. जावई, बहिरी बाई, चुकून चौसाळ्याला जाऊन आलेला नवरदेव. स्वयंपाकघर माझी दुसरी खिडकी झालं. आई चांगली प्रेक्षक होती, आणि तिथेही आवाज लागायचा, कारण कुकर चालू असायचा.

उन्हाळा आला. कंट्रोलरांनी एक दिवस सांगितलं, “साहेब उद्या खिडकीत येऊन बसणार आहेत. बाजारचा दिवस आहे, गर्दी असेल. घाबरू नका. रांगेत आपला एक प्रवासी सोडलेला असेल. कोण ते सांगणार नाही.”

त्यांचा हेतू चांगला होता. गर्दीत एक तरी माणूस आपलं आहे एवढा आधार असावा म्हणून त्यांनी ते केलं. माझ्यावर त्याचा परिणाम असा झाला की मला सगळीच रांग खोटी वाटू लागली. कुणी गेवराईची गाडी विचारली की मी आधी त्याचा वरचा ओठ बघायचे.

मॅनेजर साहेब मागच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्याकडे पाठ होती हे एक बरं होतं. सुरुवातीला आवाज पुन्हा आत जाऊ लागला. मी सांगायचे, समोरचा कानाला हात लावायचा. मागे खुर्ची करकरायची.

आणि खिडकीसमोर एक म्हातारी आली. हातात पिशवी, पिशवीत वर टोमॅटो. टोमॅटो हलत होते.

“धर्मापुरीची गाडी कवा हाय गं माय?”

माझी खात्रीच पटली. ही वडिलांची म्हातारी होती. डेपोतल्या लोकांनी माझ्यासाठी तीच काढली होती. कोण झालं होतं ते ओळखू येत नव्हतं. सुरकुत्या तर अशा जमल्या होत्या की मी मनातल्या मनात टाळी दिली. साहेब मागे आहेत हे मी पार विसरले.

“आजी, पिशवीत काय आहे?”

“टमाटे.”

“टमाटे हलतात कसे?”

“लांबून आनलेत. थकलेत.”

“कोंबडीचं तिकीट काढावं लागेल.”

“कावून? म्या म्हातारी फुकट जाते अन् कोंबडीनं तिकीट काढायचं?”

रांग हसायला लागली. माझा हात आपोआप माइककडे गेला. “परळीमार्गे धर्मापुरी, फलाट दोन, गाडी लागलेली आहे. ज्यांच्या पिशवीत टमाटे हलत असतील त्यांनी टमाट्यांना घट्ट धरून बसावं!” तो आवाज रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत गेला असं नंतर मला कळलं. तिथून एक माणूस हातात ग्लास घेऊन गाडीकडे पळत आला म्हणे. त्यालाही धर्मापुरीला जायचं होतं.

मी काचेशी वाकले आणि हळूच म्हटलं, “काका, मिशी फार छान झाकली आहे.”

“कुनाची मिशी?” म्हातारी म्हणाली.

तेवढ्यात रांगेत बरंच मागे मला कुयरीचे काठ दिसले. निळ्या पदराखाली मिशीवाले कंडक्टर घामाघूम होऊन उभे होते आणि डोळे मोठे करून ‘अगं मी इकडं हाय’ असं सांगत होते.

मी काचेपासून मागे सरकले. म्हातारीने मात्र वाकून भोकातून मला नीट बघितलं.

“आसंच इचारायचा त्यो,” ती म्हणाली. “टमाटे कावून हलत्यात म्हनून. ह्या गाडीवर उंच कंडक्टर व्हता. लई दिस झालं दिसंना. रजेवर गेलाय का?”

वडिलांनी म्हातारी कुठून उचलली होती ते मला तेव्हा कळलं.

वर्षभर घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय झालं ते आईने सांगितलं होतं, माझ्या सख्ख्या काकांनी सांगितलं होतं. मी तेव्हा पाणी आणायला आत जायचे. ते वाक्य मी एकदाही बोलले नव्हते.

“आजी, ते गेले,” मी म्हटलं. “मी त्यांची मुलगी आहे.”

तिला पुन्हा सांगावं लागलं नाही. पहिल्याच वेळी तिला ऐकू आलं.

ती खिडकीसमोरून हलली नाही. मागे कुणीतरी “चला की पुढं” म्हणालं, आणि निळ्या लुगड्यातल्या बाईने जाड्याभरड्या आवाजात त्याला गप्प केलं. म्हातारीने भोकातून हात आत घातला आणि माझ्या मनगटावर ठेवला.

“कोंबडीला त्यानं कदी तिकीट लावलं न्हाई,” ती म्हणाली. “तू बी लावू नको.”

“नाही लावत.”

“मग आता सांग, गाडी कुटं लागलीया? मगाशी तू म्हनलीस, पन म्या हसन्यात ऐकलंच न्हाई.”

“फलाट दोन,” मी म्हटलं, आणि माइक बंद असूनही फलाट दोनवरच्या कंडक्टरने हात वर केला.

म्हातारी गेली. मागची खुर्ची करकरली. साहेब उठले. “खिडकीवरून प्रवाशांच्या मिशीची चौकशी करायची नसते,” एवढं म्हणून ते चहाला निघाले. दारात त्यांची आणि निळ्या लुगड्याची गाठ पडली. “तुमची ड्युटी किती वाजता?” साहेबांनी विचारलं. “निघालेच, साहेब,” लुगडं म्हणालं आणि ओचा खोचून चौसाळ्याच्या गाडीकडे धावलं. त्या टोकाच्या डेपोचं नाव त्यानंतर माझ्यासमोर कुणी काढलं नाही.

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. या वेळी करून दाखवलं नाही, नुसतं सांगितलं. मग तिने विचारलं, “कोंबडी गावरान होती का?”

“पिशवीतून दिसली नाही.”

“गावरानच असणार,” ती म्हणाली आणि पानं घ्यायला उठली.

कंट्रोलर आता निवृत्त झाले आहेत. मिशीवाल्या कंडक्टरांचे गुडघे दुखतात, ते आता बहुतेक वेळा बसून करता येईल असा प्रवासी होतात. मध्यंतरी गाडीवर एक नवी मुलगी कंडक्टर म्हणून आली. दारू पिऊन चढणाऱ्या माणसाला खाली कसं उतरवायचं हे तिला जमत नव्हतं. तो माणूस मी झाले. मला दारूतलं काही कळत नाही, त्यामुळे मी शुद्ध मराठीत झिंगले आणि सगळे मनसोक्त हसले. तिसऱ्या दिवशी तिने मला गाडीतून उतरवलं.

वडील डेपोत कसे बोलायचे ते मी ऐकलेलं नाही. त्यांच्याबरोबरच्या लोकांनी जेवढं करून दाखवलं तेवढं माझ्याजवळ आहे. आई घरी आहे. खिडकीवर मी बसते.